बर्फ, धुकं आणि ‘थांबा, मला पटत नाहीये’

रानवाट

हेल्वेलिन हा इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला ९५० मीटरचा डोंगर. कळसूबाई १६४६ मीटर, त्यामुळे आपल्याकडे कुणाला हा आकडा सांगितला की आधी ‘एवढाच?’ असंच येतं. हिवाळ्यात मात्र याच डोंगरावर बर्फ, सोसाट्याचा वारा आणि वीस पावलांपलीकडचं काही दिसू न देणारं धुकं एकाच दुपारी गाठतं. आम्ही काही मराठी मित्रमैत्रिणी लीड्स-मँचेस्टरकडे राहतो आणि हिवाळ्यात नेमाने इकडे येतो. परवाच्या फेरीनंतर एक गोष्ट लिहायचीच असं ठरवलं. हिवाळी डोंगरांसाठी सामान काय न्यावं हे कुणीही सांगतं. सोबतच्या माणसांशी धुक्यात कसं बोलावं, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही पाच जण होतो. स्ट्रायडिंग एज ही तिथली नावाजलेली धार मुद्दाम टाळली. ग्लेनरिडिंग गावातून निघालो, ग्रीनसाइडच्या जुन्या शिशाच्या खाणीवरून (१९६२ साली बंद पडली) नागमोडी वाटेने व्हाइट साइडच्या माथ्यावर, तिथून लोअर मॅन हे अलीकडचं छोटं शिखर आणि मग हेल्वेलिन, असा बेत होता. लेक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कचे निरीक्षक डिसेंबरपासून ईस्टरच्या सुमारापर्यंत आळीपाळीने रोज हेल्वेलिन चढतात आणि बर्फ कसा आहे, वारा किती आहे ते लिहून ठेवतात. तो अहवाल आदल्या रात्री सगळ्यांनी वाचला होता. सगळ्यांनी, हे महत्त्वाचं. एकाने वाचून बाकीच्यांना ‘ठीक आहे’ म्हणून सांगणं वेगळं.

व्हाइट साइडच्या वर धुक्यात शिरलो. खाली बर्फ, वर धुकं, दोन्हींचा रंग एकच. सावली पडत नाही, त्यामुळे पुढचं पाऊल चढावर पडणार की उतारावर, हे डोळ्यांना सांगता येत नाही. आम्ही बर्फाचा गोळा करून पुढे टाकत होतो. तो दिसला तर पुढे जमीन आहे. दगडांवर गोठलेल्या धुक्याची पांढरी पिसं उगवली होती. ही पिसं वाऱ्याकडे तोंड करून वाढतात. वारा ज्या बाजूने आला त्याच बाजूला ती लांब होतात, त्यामुळे रात्रभर वारा कुठून होता ते दगड बघून कळतं. त्या दिवशी तो पश्चिमेचाच होता आणि आम्ही चालत असतानाही पश्चिमेचाच होता.

लोअर मॅनपासून माथा जवळ आहे, पण वाट आग्नेयेला वळते आणि डाव्या हाताला कडा आहे. कड्याच्या ओठावर वाऱ्याने साठवलेला बर्फाचा सज्जा, म्हणजे कॉर्निस, हवेत पुढे आलेला असतो. वरून तो सपाट जमिनीसारखाच दिसतो. तुटतो तेव्हा नुसती पुढची कड तुटत नाही, बरंच मागून तुटतो.

आम्ही होकायंत्रावर चालत होतो. पुढे सगळ्यांत अनुभवी मित्र, मागे आम्ही चौघं एका ओळीत, डोकी खाली. अशात आमच्यातली सगळ्यांत कमी बोलणारी मैत्रीण म्हणाली, “थांबा, मला पटत नाहीये.” कारण विचारलं तर म्हणाली, “मघापासून वारा उजव्या कानामागे लागत होता. आता सरळ पाठीवर लागतोय.”

वारा पश्चिमेचा आणि तो सरळ पाठीवर, म्हणजे आम्ही पूर्वेला, कड्याकडे निघालो होतो. थांबून दुसऱ्या होकायंत्रावर पाहिलं. दोन सुया दोन दिशा दाखवत होत्या. पुढच्या मित्राने होकायंत्र छातीशी धरलं होतं आणि जॅकेटच्या त्याच बाजूच्या खिशात फोन होता. फोनच्या कव्हरला लोहचुंबकाचं बटण. सुई त्याच्याकडे ओढली जात होती.

दिशा सुधारता आली असती. पण पावलांचा हिशेब चुकला होता, लोअर मॅनपासून नक्की किती आलो ते कुणालाच खात्रीने सांगता येईना. आमच्यात आधीपासून ठरलेलं आहे: पुढे जायला सगळ्यांचं मत लागतं, परत फिरायला एकाचं पुरे. आल्या पावलांच्या खुणा अजून बुजल्या नव्हत्या, त्यांवरून परत फिरलो.

मला लिहायचंय ते त्या वाक्याबद्दल. ती नंतर गाडीत म्हणाली की वाऱ्यातला फरक तिला बराच आधी जाणवला होता, पण ‘तो एवढा अनुभवी, आपण काय सांगणार’ म्हणून ती गप्प राहिली. बर्फात हुडाच्या आत प्रत्येक जण एकटा असतो. वाऱ्यात ओरडावं लागतं, म्हणून लोक बोलणंच टाळतात. मैत्रीत भीड असते, ती वेगळीच. अनोळखी गाइडला आपण दहा प्रश्न विचारू, मित्राला विचारत नाही. म्हणून आता आम्ही नियमच केलाय: दर वेळी थांबलो की सगळ्यांत मागच्याने आधी बोलायचं. आपण कुठे आहोत असं त्याला वाटतं, वारा कुठून आहे, हात गरम आहेत का. पुढच्याने सगळ्यांत शेवटी बोलायचं, कारण त्याने आधी उत्तर दिलं की बाकीचे माना डोलावतात.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? सह्याद्रीतलं, हिमालयातलं, कुठलंही लिहा.

कोकणकडा

फार महत्त्वाचं लिहिलंस. ‘भीड ही भिकेची बहीण’ असं आजी म्हणायची, डोंगरात ती त्याहून वाईट.

सह्याद्रीत बर्फ नाही, पण पावसाळ्यातल्या धुक्याने भल्याभल्यांना फिरवलंय. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर ऑगस्टमध्ये देवळापासून कोकणकड्याकडे जाताना असंच होतं. गवत सगळीकडे सारखं, ढोरवाटा दहा दिशांना फुटलेल्या, आणि पुढे एकदम कडा. एक फरक आहे. आपल्याकडे कडा जवळ आला की खालून वर येणारा वारा तोंडावर लागतो, बऱ्याचदा पाऊसही खालून वर उडतो. ती सूचना मिळते. तुझ्या वर्णनात वारा कड्याकडे ढकलणारा आहे, म्हणजे अशी सूचना मिळायची सोयच नाही. ते वाचून अंगावर काटा आला.

आम्ही मोठा गट असला की शेवटी एक पक्का माणूस ठेवतो आणि त्याच्या मागे कुणी थांबायचं असेल तर त्याला सांगून थांबायचं. पण ‘मागच्याने आधी बोलायचं’ हे सुचलं नव्हतं. पुढच्या ट्रेकपासून सुरू.

जाता जाता, धुक्याबद्दल तक्रारच करायला नको म्हणून एक. याच कोकणकड्यावरून कर्नल साईक्स याने गोल इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद १८३५ सालची आहे, आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. पाठीशी सूर्य, समोर दरीत धुकं, आणि त्यावर आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं. प्रत्येकाला कडं फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. तिकडे दिसतं का?

अ‍ॅबर्डीनकर

दिसतं. इकडे धुक्यावरच्या त्या सावलीला ब्रोकन स्पेक्टर म्हणतात, जर्मनीतल्या ब्रोकन डोंगरावरून. त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेन नेव्हिसच्या माथ्यावर (१३४५ मीटर, ब्रिटनमधला सर्वोच्च) १८८३ ते १९०४ या काळात वेधशाळा होती, माणसं हिवाळाभर वर राहून तासातासाला नोंदी घेत. १८९४ च्या सप्टेंबरमध्ये सी. टी. आर. विल्सन हा तरुण तिथे काही दिवस राहिला. ढगांवर पडणारी ती कडी पाहून तो इतका भारावला की प्रयोगशाळेत कृत्रिम ढग करायच्या मागे लागला. त्यातून क्लाउड चेंबर निघालं, अणूच्या आतले कण ज्यात रेघा ओढत जाताना दिसतात ते. १९२७ साली त्याला नोबेल मिळालं.

आता मूळ विषय. रानवाट, परत फिरलात हे उत्तम केलंत. स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात फिरणाऱ्या प्रत्येकाने केर्नगॉर्मच्या पठाराचा १९७१ चा प्रसंग माहीत करून घ्यावा. नोव्हेंबर महिना, एडिनबरोची शाळकरी मुलं, हिमवादळ. पठारावर एक छोटी निवाऱ्याची झोपडी होती, तिथे पोचायचं होतं. ती मिळाली नाही. पाच विद्यार्थी आणि एक प्रशिक्षणार्थी शिक्षिका, असे सहा जण उघड्यावर गारठून मरण पावले. त्यानंतर मोठा वाद झाला आणि उंचावरच्या अशा झोपड्या हटवण्यात आल्या, कारण लोक त्यांच्या भरवशावर वर जातात आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्या बर्फाखाली असतात.

त्यातून मी माझ्यापुरता एक धडा घेतलाय. धुक्यात बिंदू शोधायला जायचं नाही, रेघ शोधायची. झोपडी, दगडांची रास, खिंडीतला खांब हे बिंदू. दहा पावलं बाजूने गेलात तरी दिसत नाहीत. दगडी भिंत, कुंपण, ओढा या रेघा. त्या आडव्या आल्या की कळतं. नकाशावर आधी रेघा हेरायच्या आणि बेत तसा आखायचा.

बेन नेव्हिसच्या माथ्यावर तर रेघ नाही आणि दोन्हीकडे घळी आहेत. तिथून उतरायचे आकडे इथे फिरणाऱ्यांना पाठ असतात: माथ्यावरच्या खांबापासून २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंशांवर, वाट सापडेपर्यंत. हे आकडे नकाशाच्या ग्रिडवरचे, म्हणजे नकाशावरच्या उभ्या रेघांपासून मोजलेले. सध्या ब्रिटनमध्ये ग्रिडची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांत फारच थोडा फरक आहे, पूर्वी बरेच अंश मिळवावे लागत. तरी निघण्यापूर्वी नकाशावर बघून घ्या.

आणि १५० मीटर मोजायचे तर आपली पावलं माहीत हवीत. सपाटीवर १०० मीटरला माणसाची साधारण ६० ते ६५ दुहेरी पावलं होतात. गुडघाभर बर्फात हा हिशेब पार बदलतो. म्हणून वर गेल्यावर, दिसतंय तोवरच, एखादं माहीत अंतर चालून पावलं मोजून घ्यायची. दोघांनी वेगवेगळी मोजायची, मनातल्या मनात.

हिमालयवारी

सगळं वाचलं, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. परत फिरायला एकाचं मत पुरे, हे ऐकायला छान आहे. केदारकांठासारख्या ट्रेकला (३८०० मीटरच्या आसपास) पहाटे अंधारात माथ्याकडे निघतात तेव्हा वीस जणांत दोघांना तरी ‘परत जाऊ’ असं वाटतच असतं. थंडी वाजते, झोप झालेली नसते, विरळ हवेने डोकं दुखतं. प्रत्येकाचं ऐकायचं तर कुणीच वर पोचणार नाही. बर्फात नेता एकच हवा आणि त्याचा शब्द शेवटचा. गटात चर्चा सुरू झाली की वेळ जातो, आणि वेळ गेला की थंडी वाढते. मी हे तळमळीने सांगतोय, कारण चर्चेपायी अंधार झालेले गट पाहिलेत.

रानवाट

हिमालयवारी, तुमचा मुद्दा खराच आहे आणि तुमच्या उदाहरणात मलाही तसंच वाटेल. तिथे स्थानिक गाइड असतो, त्याला तो उतार पावलापावलाने माहीत असतो. दमलेल्या दोघांना दुसऱ्या गाइडबरोबर खाली पाठवायची सोय असते. आम्हा मित्रांत गाइड कुणीच नाही, आणि पाचांतल्या एकाला एकटं खाली पाठवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. म्हणून आमच्याकडे एकाचं परत फिरणं म्हणजे सगळ्यांचं परत फिरणं.

नेता आमच्यातही असतो. दिशा तो ठरवतो, वेग तो ठरवतो (सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा), कुठे थांबायचं ते तो ठरवतो. थांबवण्याचा हक्क मात्र प्रत्येकाचा. त्यात चर्चा होत नाही. एक जण ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं, दोन मिनिटांत तपासायचं आणि निर्णय घ्यायचा. आमची शनिवारची सगळी बोलाचाली पिशवीत शिरून गरम पाण्याचे दोन घोट होईपर्यंत आटोपली होती.

कातळ

पिशवीत शिरून म्हणजे? आणि फोनवर जीपीएस असताना हा होकायंत्राचा खटाटोप कशाला, हे प्रामाणिकपणे विचारतोय. मी अजून बर्फात चाललेलो नाही.

रानवाट

पिशवी म्हणजे बॉथी बॅग. पाच-सहा जण मावतील एवढी हलकी नायलॉनची मोठी पिशवी, तळ नसलेली. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, ती डोक्यावरून ओढून घ्यायची, कडा बुडाखाली घेऊन पाठीवरच्या सॅकवर बसायचं. एका गोधडीत पाच भावंडं शिरल्यासारखं होतं. वारा तुटतो आणि काही मिनिटांत आत ऊब येते. माणसं पुन्हा माणसांसारखी बोलायला लागतात. माझ्या मते गटाच्या सामानात ही पहिली हवी. हात सुन्न झालेल्याचे मोजे बदलायचे, नकाशा उलगडायचा, काही खायचं, ते सगळं आत. खायला गुळपोळी न्या. चॉकलेट आणि चिक्की थंडीत दगड होतात, गुळपोळी मोज्यातल्या हाताने मोडता येते.

फोनबद्दल: फोन आम्हीही वापरतो, आपण आत्ता कुठे आहोत हे बघायला. रेंज नसतानाही नकाशाच्या ग्रिडवर आपण कुठे आहोत ते दाखवणारं ऑर्डनन्स सर्व्हेचं (इथलं नकाशा खातं) अ‍ॅप आहे, आणि कव्हर काढून तो होकायंत्रापासून हातभर दूर ठेवायचा. पण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, आणि मोजे काढून फोनशी खेळत बसलं की पाच मिनिटांत बोटं कामातून जातात. म्हणून फोन अंगालगतच्या खिशात उबेत. चालायचं होकायंत्रावर, खात्री करायची फोनवर.

कोकणकडा

आणि बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे पोलादी दात) वगैरे? आपल्याकडचे काही जण नुसत्या साखळीच्या स्पाइक्स घेऊन जातात.

अ‍ॅबर्डीनकर

त्या साखळीच्या स्पाइक्स गोठलेल्या सपाट वाटेसाठी. उतारावर कडक बर्फ असेल तर ताठ तळव्याचे बूट, त्यावर नीट बसणारे क्रॅम्पॉन आणि हातात आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फाची कुदळ. अ‍ॅक्स सॅकला बांधून ठेवण्याचा उपयोग नाही, घसरायला सुरुवात झाल्यावर ती काढता येत नाही. अ‍ॅक्सने स्वतःला थांबवायचं शिकण्यासाठी खाली अडथळा नसलेल्या सौम्य उतारावर मुद्दाम घसरून सराव करतात. तो सराव मित्रांबरोबर एक अख्खा दिवस करा, माथ्याचा विचार न करता. मजाही येते.

हिमस्खलनाचा रोजचा अहवाल स्कॉटलंडच्या प्रमुख भागांसाठी हिवाळ्यात मिळतो, एक ते पाच अशा पायऱ्यांत. कुठल्या दिशेच्या आणि किती उंचीच्या उतारांवर धोका आहे ते त्यात असतं. धुक्यात उतार दिसत नाहीत, म्हणून हे वाचन घरीच करावं लागतं. नकाशावर आपल्या वाटेतला प्रत्येक उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे, ते आदल्या रात्री लिहून काढा.

वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास, अधिक चढाच्या दर दहा मीटरला एक मिनिट. बर्फात आणि धुक्यात मी त्याच्या दीडपट तरी धरतो.

ओवी_नाशिक

मी ट्रेकर नाही. धागा वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. माझा मुलगा ग्लासगोला शिकतोय आणि तिथल्या मित्रांबरोबर शनिवार-रविवार डोंगरात जातो. फोटो पाठवतो, बर्फच बर्फ. जाऊ नको असं मी म्हणणार नाही, त्याचा आनंद दिसतो. पण मी त्याला काय विचारू? ‘सांभाळून जा’ यापलीकडे मला काही विचारता येत नाही, आणि त्याला तो ‘हो गं’ म्हणतो.

अ‍ॅबर्डीनकर

काकू, चांगला प्रश्न विचारलात. ‘सांभाळून जा’ऐवजी त्याला असं काही विचारा ज्याचं उत्तर ‘हो गं’ देता येणार नाही. कुठल्या डोंगरावर, कुठल्या वाटेने? परतायचं कधी? तुमच्यात होकायंत्र चालवता येणारे किती जण? आजचा हिमस्खलनाचा अहवाल काय म्हणतो? आणि रानवाट म्हणतात तेच: तुला परत फिरावंसं वाटलं तर तू तिथे बोलू शकतोस का? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आईनेच विचारायचा आहे. विशीतल्या मुलांना मित्रांपुढे ‘मला भीती वाटते’ म्हणणं जड जातं. घरून कुणी आधीच सांगून ठेवलं असेल की माथा न गाठता आलास तरी मला तितकाच आनंद होईल, तर ते शब्द वर कामी येतात.

अडचणीत त्यांनी ९९९ लावायचा, पोलीस मागायचे आणि माउंटन रेस्क्यू हवंय असं सांगायचं. ही सगळी स्वयंसेवक मंडळी, पैसे घेत नाहीत. फोनवर बोलण्याइतकी रेंज नसेल तर ९९९ ला एसएमएसही जातो, पण त्यासाठी नंबर आधी नोंदवावा लागतो. ‘register’ हा शब्द ९९९ ला एसएमएस केला की पुढचं सगळं तेच सांगतात. आजच करायला सांगा. शिट्टी प्रत्येकाकडे हवी: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

रानवाट

एक भर. काकू, भारतातून ९९९ लागत नाही. त्यामुळे परत आल्याचा निरोप फक्त तुम्हाला देऊन भागणार नाही. ग्लासगोत राहणाऱ्या, त्या दिवशी डोंगरावर न गेलेल्या कुणाकडे तरी वाट आणि वेळ लिहून ठेवायला सांगा. अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने पोलिसांना कळवायचं, हे त्याच्याशी आधी बोलून ठरवायचं.

ओवी_नाशिक

आत्ताच बोलले. एसएमएसचं त्याने फोन चालू असतानाच केलं. त्याचा एक खोलीमित्र डोंगरावर जात नाही, त्याचा नंबर घेतला, बंगाली मुलगा आहे, लगेच तयार झाला. रात्री नऊ ही वेळ ठरवली. होकायंत्र दोघांना येतं म्हणाला, माझा मुलगा त्यात नाही. तो शिकणार आहे. नऊ बरोबर आहे ना?

अ‍ॅबर्डीनकर

काकू, जानेवारीत इथे साडेचारच्या सुमारास अंधार पडायला लागतो. चारला गाडीपाशी पोचायचा बेत असेल तर नऊ फार उशीर. सात ठेवा. डोंगरातून बाहेर पडून रेंजमध्ये येईपर्यंतचा वेळ त्यात धरलेला आहे. आणि सर्वांना हेडटॉर्च, जादा सेलसकट, हे त्याला माझ्यातर्फे सांगा. होकायंत्र शिकायला तो कधी अ‍ॅबर्डीनकडे आला तर मी एक दिवस देईन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.